ताप-खोकल्यात फिट आली, आता एकाचे दोन दिसतात. गोळी कमी करू का?

चक्कीवाला
सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितो आहे. एक डोळा झाकून लिहितो आहे, दोन्ही उघडले की मोबाईलवर अक्षरावर अक्षर चढते. चुका सांभाळून घ्या.

मी आर्णी तालुक्यातला. वय ३४. पाच एकर वावर आणि गावात आटाचक्की. चौदाव्या वर्षापासून मला मिरगी आहे. कार्बामाझेपिन ४०० आणि लेव्हेटिरासिटॅम ५००, दोन्ही सकाळ-संध्याकाळ, यवतमाळच्या मेंदूच्या डॉक्टरांची ट्रीटमेंट. सलग दोन पोळे बिनाफिटेचे गेले होते. गावातल्या नव्या पोट्ट्यांना तर माहीतही नव्हते की मला असं काही आहे.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण ती नंतर लागेल. मला फिट यायच्या आधी जळालेल्या रबराचा वास येतो. आता माझा धंदा चक्कीचा. मोटारीचा पट्टा घसरला, गरम झाला की खरोखरच जळालेल्या रबराचा वास येतो. म्हणजे देवानं चांगली थट्टा केली आहे. यावर मी आणि बायकोनं एक तोडगा काढला होता. वास आला की मी तिला हाक मारतो, "येते का वास?" ती "येते" म्हणाली की पट्टा पाहायचा. "नाही" म्हणाली की आहे तिथं खाली बसायचं, मोटारीपासून दूर. आठ वर्षं हे बरोबर चाललं.

मागच्या आठवड्यात सासूबाई आल्या त्या खोकला घेऊन. तीन दिवसांत घरभर. पोरगा, बायको, मी, सगळे नाक ओढत. त्यात आमच्या भागात त्या आठवड्यात वावरातली थ्री फेज लाईन रात्रीची होती. हरभऱ्याला ओलित द्यायचं होतं. मंगळवारी रात्री अंगात कणकण असताना मी तुषारचे पाइप हलवायला गेलो. दोन वाजता एकदा, चारला एकदा. ओले पाइप खांद्यावर, पाणी मानेवरून आत. बुधवारी १०२ ताप. संध्याकाळच्या गोळ्या घेतल्या आणि खोकल्याची अशी उबळ आली की सगळं बाहेर. गोळ्या परत घ्याव्या की नाही कळेना. डबल होईल या भीतीनं नाही घेतल्या. ती रात्रही खोकण्यातच गेली, डोळ्याला डोळा नाही.

गुरुवारी सकाळी ताप जरा कमी वाटला. दोन डबे दळण पडलं होतं म्हणून चक्की सुरू केली. वास आला. बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "मले काय विचारता, माहं नाक बंद आहे. फोडणीतल्या हिंगाचा वास येऊन नाही राहिला मले." म्हणून मी पट्टा पाहायला वाकलो. पुढचं आठवत नाही.

बायकोनं स्टार्टरचं लाल बटण दाबलं म्हणून हात वाचला. मग नेहमीचा बाजार. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल. एका काकानं दातात चमचा घातला, त्यात समोरच्या दाताचा टवका गेला. किती वेळ चालली ते विचाराल तर आई म्हणते दहा मिनिटं, बायको म्हणते दोन. घड्याळ कोणीच पाहिलं नाही. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात पीठ आणि रक्त.

त्याच दिवशी तालुक्याच्या ठिकाणी दवाखान्यात गेलो. छाती तपासली, कफ आहे म्हणाले. पाच दिवसांची अँटिबायोटिक, ५०० ची, दोन वेळा, आणि खोकल्याचं सिरप. रविवारपासून नवीनच सुरू झालं. एका वजनकाट्याचे दोन काटे दिसतात. चालताना पाय भलतीकडे पडतो, मळमळते. काल दळण द्यायला आलेल्या बाईनं घरी जाऊन सांगितलं की चक्कीवाला सकाळी सकाळी पिऊन होता. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही.

आता आई म्हणते की मिरगी डोक्यात चढली, या गोळ्या गरम पडल्या, निम्म्या कर. मला विचारायचं आहे की सर्दी-तापानं माझी बिमारी वाढली का? २०२१ च्या एप्रिलमध्ये मला कोरोना झाला होता, ताप यापेक्षा जास्त होता, तेव्हा तर काहीच झालं नाही. मग या साध्या सर्दीनं का? आणि गोळी कमी करू का?

---

आर्णीचाच_एक
सोमवार, रात्री १०:०५

गोळी मनानं कमी करू नका भाऊ. बाकी मला समजत नाही, पण हे एवढं समजते. माझ्या मावसभावानं केलं होतं, तीन दिवसांत सलग फिटा, यवतमाळला आयसीयू.

---

जंगली_जडीबुटी
सोमवार, रात्री १०:११

मिरगीवर खात्रीचं गावठी औषध. तीन अमावास्या. इंग्रजी गोळी पहिल्या दिवसापासून बंद. मेसेज करा.

---

मेडिकलवाला_वणी
सोमवार, रात्री १०:३८

वरच्या भाऊसाहेबांनी आपलं दुकान दुसरीकडे लावावं. "गोळी पहिल्या दिवसापासून बंद" हे वाक्य मिरगीच्या पेशंटला सांगणं म्हणजे धावत्या गाडीतून उतर म्हणण्यासारखं आहे.

चक्कीवाले भाऊ, मी वणीला मेडिकल चालवतो, वीस वर्षं झाली. फिटेचं नंतर बोलू, आधी डोळ्याचं. ती अँटिबायोटिक कोणती, हे मला सांगा. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात नाव असतं. कंपनीनं दिलेलं मोठं नाव नको, त्याच्या खालचं औषधाचं हवं. ॲझिथ्रोमायसिन ५०० असती तर दिवसातून एकदाच दिली असती. खोकल्याला ५०० ची आणि दोन वेळा म्हटल्यावर मला क्लॅरिथ्रोमायसिनचा संशय येतो.

तसं असेल तर तुमची मिरगी कुठं चढलेली नाही. कार्बामाझेपिन यकृतात मोडली जाते आणि मग शरीराबाहेर जाते. ती मोडणारं जे एन्झाइम आहे, त्यालाच क्लॅरिथ्रोमायसिन रोखून धरते. तुम्ही गोळी रोजचीच खाता, पण ती निघायची वाट बुजली, म्हणून रक्तात साचत जाते. तुमच्या चक्कीचंच घ्या ना, वरून दाणे पडतच आहेत आणि खाली पिठाचं तोंड चोंदलं. एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, मळमळ, गुंगी, ही कार्बामाझेपिन जास्त झाल्याची अगदी ठरलेली लक्षणं. एरिथ्रोमायसिननंही हेच होतं. ॲझिथ्रोमायसिननं सहसा होत नाही.

आता करायचं काय. अँटिबायोटिकची पुढची गोळी घ्यायच्या आधी मेंदूच्या डॉक्टरांना फोन. रात्र झाली म्हणून लाजू नका. कार्बामाझेपिन किती ठेवायची हे तेच सांगतील, आई नाही, मी पण नाही. आणि झोपेतून उठवेना इतकी गुंगी आली किंवा उलट्या थांबेनात, तर फोनची वाट न पाहता दवाखाना.

एक प्रश्न. तालुक्याच्या डॉक्टरांना तुमच्या मिरगीच्या गोळ्या सांगितल्या होत्या का?

---

हिंगणघाटची_आई
सोमवार, रात्री ११:२०

दादा, तुमचं वाचून पोटात गोळा आला. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, आम्ही सेवाग्रामला दाखवतो. दर हिवाळ्यात शाळेतून सर्दी आणतो आणि दर हिवाळ्यात माझी परीक्षा.

मला तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट खटकली, ती विचारते. घरभर सगळे नाक ओढत होते म्हणालात. वहिनींचं नाक बंद होतं. मग तुमचं नाक उघडं होतं का? तुम्हालाही तीच सर्दी होती ना? बंद नाकाला पट्ट्याचा वास आला कुठून?

मला आमच्या डॉक्टरांनी समजावलं होतं की फिटेच्या आधीचा वास नाकातून येतच नाही, तो मेंदूतच तयार होतो. फिटेची सुरुवातच असते ती, छोटी. माझ्या मुलाला वास येत नाही, त्याला पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, "आई फुगा आला" म्हणतो. तर सर्दीत नाक चोंदलेलं असताना वास आला, तर तो पट्ट्याचा नाहीच असं धरून चाला.

तापाबद्दल माझा अनुभव. त्याला १०२-१०३ व्हावाच लागतो असं नाही. कधी कधी ताप चढायच्या आधीच फिट येते, आणि मग तासाभरानं कळतं की अरे, हा तर तापला आहे. पॅरासिटामॉल देते मी, वजनाप्रमाणे, अंगदुखी आणि ताप उतरायला. पण पॅरासिटामॉल दिलं म्हणजे फिट येणार नाही असं समजू नका, हे मला डॉक्टरांनी अगदी स्पष्ट सांगितलं. सुरुवातीला मी तोच भरवसा धरून बसायचे, तासातासाला थर्मामीटर. आता माझं जास्त लक्ष दुसरीकडे असतं. गोळी पोटात राहिली का, पोर झोपलं का, पाणी पितं का.

आमच्याकडे डॉक्टरांनी लिहून दिलेला एक कागद आहे, फ्रिजवर लावलेला. आजारपणाच्या दिवसांचा. उलटी झाली तर काय, किती मिनिटांनी फिट थांबवायचा नाकातला मिडाझोलमचा स्प्रे, कधी १०८. तापाच्या दोन-तीन दिवसांपुरती क्लोबाझॅमची जास्तीची गोळीही त्यात आहे, पण ती त्याच्यासाठी त्याच्या डॉक्टरांनी ठरवलेली, म्हणून नकल करू नका. स्प्रेचं एक सांगते, नाक वाहत असेल तर आधी पुसून घ्यावं लागतं, नाहीतर औषध शेंबडाबरोबर बाहेर. हे मला पहिल्या खेपेला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि ज्यांच्या लहान बाळांना तापात फिट येते त्यांनी हे वाचून घाबरू नये. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापाची फिट बऱ्याच बाळांना येते, त्यातल्या बहुतेकांना पुढे मिरगी होत नाही. माझ्या जावेच्या मुलीला आली होती, आता ती बारावीला आहे. दाखवायचं मात्र असतं.

---

चक्कीवाला
मंगळवार, सकाळी ७:१५

वणीवाले भाऊ, पाकीट पाहिलं. बायकोनं वाचलं, मला तर दोन पाकिटं दिसत होती. क्लॅरिथ्रोमायसिन ५००. आजची सकाळची घेतली नाही. रात्री डॉक्टरांचा फोन लागला नाही, सकाळी कंपाउंडर बोलला, अकरा वाजता या म्हणाला. मेहुण्याला बोलावलं आहे, त्याच्या गाडीनं जातो.

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी खाटेवर उठून बसलो. हो. माझं नाक दोन दिवसांपासून बंद होतं. तोंडानं श्वास घेत होतो. आठ वर्षांपासून मी "बायकोला येते का" एवढंच विचारत आलो, "मला कसा येते" हे डोक्यातच आलं नाही.

आता वणीच्या भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर, ते मला काल रात्री लिहवलं नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, "दुसरी काही गोळी चालू आहे?" मी नाही म्हटलं. फिट आल्याचंही नाही सांगितलं, दाताचं विचारलं तर पडलो म्हटलं. कारण असं की बहिणीच्या सोयरिकीचं दिग्रसला चाललं आहे, आणि त्या पोराचा काका तिथंच बाकावर, दारातून आत सगळं ऐकू येते. मी भावाला मिरगी आहे असं तिथं बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत दिग्रसला पोचलं असतं. म्हणून डॉक्टरांना काय दोष देऊ? त्यांनी विचारायचं ते विचारलं.

---

परतवाड्याचा
मंगळवार, दुपारी १:०२

कोरोनात फिट का नाही आली, यावर माझं ऐका. २२ फेब्रुवारी २०२१ पासून आमच्याकडे अमरावती आणि अचलपुरात लॉकडाऊन लागलं होतं, सगळ्या राज्याच्या आधी. माझा धाकटा भाऊ गार्डिनलवर आहे, मिरगीचीच गोळी. आम्ही गोळ्या अमरावतीहून आणायचो, एकाच मेडिकलमधून, दर महिन्याला. गाड्या बंद, मी म्हटलं दोन दिवस काय होते, उघडल्यावर आणू. तिसऱ्या दिवशी पहाटे एकामागून एक तीन फिटा. त्याला कोरोनाबिरोना काही नव्हता, टेस्ट केली, निगेटिव्ह. नुसता गोळीचा खंड. नंतर कळलं की ती गोळी परतवाड्यातही मिळत होती, मीच विचारलं नव्हतं. तेव्हापासून घरात पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या असतात, बिस्किटाच्या डब्यात.

तुम्हाला कोरोना झाला तेव्हा घरात बसून होता ना? ओलिताला थोडीच गेला होता.

---

सिस्टर_पुसद
मंगळवार, रात्री ८:३०

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. चमच्याचं वाचलं आणि हात शिवशिवले म्हणून लिहिते. फिटेत जीभ गिळली जात नाही. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, ना चमचा, ना बोट, ना पाणी. कांद्यानं आणि चपलेनं फिट थांबत नाही, ती आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला जातं. एका कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, मानेजवळची बटणं सोडा, हातपाय दाबून धरू नका. आणि कोणीतरी एकानं मोबाईलमधलं घड्याळ लावायचं. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली की १०८. हे पाच मिनिटांचं तुमच्या घरी कोणालाच सांगता आलं नसतं, हाच माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा धोका होता.

सर्दी-खोकल्याची औषधं मिरगीवाल्यांनी दुकानातून "काहीतरी द्या" म्हणून घेऊ नयेत. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, यातल्या काहींनी काही जणांची फिट जवळ येते. अंगदुखीला ट्रामाडॉल तर नकोच. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटाच्या अँटिबायोटिकही डॉक्टरांना मिरगीचं सांगूनच. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं. खोकल्याला वाफ, कोमट पाणी. आणि मुळात विषाणूची सर्दी असेल तर कोणतीच अँटिबायोटिक त्यावर काम करत नाही. पेशंट मात्र गोळी लिहून दिली नाही तर डॉक्टरवर रुसतात, हे मी रोज पाहते.

बहिणीच्या लग्नाचं म्हणता, तर अहो, खुद्द मिरगी असलेल्या माणसाच्या लग्नालाही कायदा आड येत नाही. हिंदू विवाह कायद्यातून मिरगीचा उल्लेख १९९९ सालीच काढला. इथं तर आजार भावाला आहे. पण कायदा एकीकडे आणि दिग्रसचा काका दुसरीकडे, हेही मला कळतं. पुढच्या वेळी डॉक्टरांना कागदावर लिहून द्या, बोलायची गरज नाही. आमच्याकडे एक बाई तशीच करते, गोळ्यांची पाकिटं रुमालात बांधून टेबलावर ठेवते.

---

चक्कीवाला
बुधवार, रात्री ९:२०

काल जाऊन आलो. क्लॅरिथ्रोमायसिन बंद. छातीचा फोटो साफ आहे, विषाणूचाच खोकला, अँटिबायोटिकची गरजच नव्हती म्हणाले. रक्त नागपूरला पाठवलं होतं, आज रिपोर्ट आला. कार्बामाझेपिन रक्तात ४ ते १२ च्या मधात पाहिजे, माझं १६.२. काल संध्याकाळची एक गोळी त्यांनी थांबवायला सांगितली आणि आजपासून पुन्हा पहिल्यासारखीच. चार-पाच दिवसांत डोळे ठिकाणावर येतील म्हणाले. सोडियमही थोडं कमी निघालं, १३१. या गोळीनं ते कमी होऊ शकते, म्हणून आजारपणात नुसतं पाणी ढोसत बसू नको, ओआरएस घे म्हणाले.

फिटेचं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं, तुषारच्या पाइपापासून. त्यांनी मधात थांबवून विचारलं, "दोन रात्री झोपला नाहीस आणि एक डोस बाहेर पडला, बरोबर?" मग म्हणाले की एकटा ताप तुला २०२१ मध्ये पाडू शकला नाही, कारण तेव्हा चौदा दिवस तू खोलीत झोपून होतास आणि गोळ्या वेळेवर होत्या. परतवाड्याचे भाऊ, तुमचंच म्हणणं, फक्त पाचशे रुपये फी देऊन ऐकलं.

उलटीचंही विचारलं. मला असं सांगितलं की गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली किंवा उलटीत गोळी दिसली तर तेवढीच परत घे. उशिरा झाली तर पुढची वेळेवर. तुमच्या गोळ्या वेगळ्या असतील तर तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा.

रात्रीच्या ओलिताचं म्हणाले की लाईनवाल्यांना मी काही म्हणू शकत नाही, पण ताप असताना तू जायचं नाही. मेहुणा तिथंच उभा होता, त्याच्याकडे पाहून म्हणाले. मेहुण्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. फ्लूची लस घ्यावी का? इथं कोणी म्हणते लसीनं ताप येते आणि तापानं फिट येते. मग कशाला मुद्दाम ताप घ्या?

---

सिस्टर_पुसद
गुरुवार, सकाळी ६:४५

ड्युटीच्या आधी पटकन. मिरगी आहे म्हणून फ्लूची किंवा कोरोनाची लस टाळायचं कारण नाही. सुईनं देतात त्या फ्लूच्या लसीत मेलेला विषाणू असतो, त्यानं फ्लू होत नाही. एखाद-दोन दिवस अंग कसकसतं, क्वचित ताप येतो. खऱ्या फ्लूत चार-पाच दिवस १०२-१०३ ताप, वर खोकला, वर झोप नाही, त्यापुढे हे काहीच नाही. विषाणू रूप बदलतो म्हणून ती दर वर्षी घ्यावी लागते. आता अंगात ताप-खोकला आहे तोवर नको, बरे झाल्यावर डॉक्टरांना विचारून. लस घ्याल त्या रात्री पूर्ण झोपा, गोळ्या चुकवू नका. नकोच असेल तर निदान घरात खोकणाऱ्या पाहुण्यांना मास्क लावा. सासूबाईंना सांगायची हिंमत असेल तर.

---

मेडिकलवाला_वणी
गुरुवार, सकाळी १०:१०

कोरोनाबद्दल एक भर घालतो. त्यावरची निरमाट्रेल्विर-रिटोनाव्हिर ही गोळी कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि गार्डिनल घेणाऱ्यांना देतच नाहीत. परतवाड्यावाल्यांनीही लक्षात ठेवा. फ्लूवरच्या ओसेल्टामिव्हिरची तशी अडचण नाही.

चक्कीवाले भाऊ, तुमच्या दोन गोळ्यांची नावं एका चिठ्ठीवर लिहा आणि मोबाईलच्या कव्हरात मागं घाला. मिरगी हा शब्द लिहायचा नसेल तर नका लिहू. "कार्बामाझेपिन चालू" एवढं वाचलं की कुठलाही डॉक्टर, कुठलाही मेडिकलवाला जागा होतो.

---

चक्कीवाला
पुढचा मंगळवार, रात्री ८:४०

दोन्ही डोळे उघडे ठेवून लिहितो आहे.

शनिवारी सकाळी वजनकाटा एक झाला. आधी विश्वास नाही बसला, डोळा झाकून-उघडून पाहिलं, एकच. चाल सरळ झाली. खोकला अजून थोडा आहे, रात्री गूळ-सुंठ चालू आहे. मोटारसायकल बंद, डॉक्टर सांगतील तोपर्यंत, म्हणून आठवडी बाजारही बायकोच करते.

चिठ्ठी कव्हरात घातली. चक्कीत भिंतीवर, दळणाच्या भावाच्या पाटीखाली, खडूनं लिहिलं आहे: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा, ५ मिनिटं झाली तर १०८. पहिल्या दिवशी लोक वाचून माझ्याकडे पाहायचे. चमचावाले काका आले, त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, काही बोलले नाहीत, दळण घेऊन गेले. ज्या बाईनं पिऊन होता म्हटलं होतं ती अजून दुसऱ्या चक्कीवर जाते.

दिग्रसचं मीच जाऊन सांगितलं. पोराच्या बापाला, काकाला नाही. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, कळवतो म्हणाले. अजून कळवलं नाही. बहीण म्हणते, बरं केलं.

आज दुपारी दळत होतो. तिसरा डबा, ज्वारी. वास आला. मी हात झटकले, मोटारीपासून तीन पावलं मागं सरकलो आणि पोत्यावर बसलो. आधी एक नाकपुडी दाबून श्वास घेतला, मग दुसरी. दोन्ही मोकळ्या. मग हाक मारली. ती घरातून ओढणीनं हात पुसत आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "येते ना. चांगला येते. तुमचा पट्टाच जळून राहिला, उठा!"

आर्णीवरून पट्टा आणायला मेहुण्याला पाठवलं आहे. बी सेक्शनचा, ७२ चा.